पावडर की भाकरी?

तुमच्या ऑफिसच्या पँट्रीत एकदा नीट बघा. कॉफी मशीनच्या शेजारी, कुणाचा तरी टिफिन आणि कुणाचं तरी ग्रीन टीचं पाकीट यांच्या मधोमध एक काळा शेकर हमखास उभा असतो. तळाशी चॉकलेटी थर वाळलेला. मालक बहुधा टेस्टिंग टीममधला. जिम जॉइन करून दोन महिने झालेले, आरशासमोरचे चौदा फोटो फोनमध्ये आणि लंचला मात्र 'आज कामच एवढं आहे यार' म्हणत उभ्या उभ्या वडापाव!

संध्याकाळी जिममध्ये मग तोच वाद. नॅचरल की सप्लिमेंट? ट्रेनर म्हणतो, पावडरशिवाय बॉडी बनतच नाही. घरी आई म्हणते, त्या पावडरीने किडन्या जातात. दोघंही एकदम ठाम. दोघांच्याही ज्ञानाचा उगम शोधायला गेलात तर तो व्हॉट्सअॅपवर सापडायची शक्यता जास्त.

आपलं काय, बायसेप्स अर्धा इंच कमी भरले तरी पगार थांबत नाही. पण ज्यांची नोकरी, घरखर्च आणि अंगावरची जर्सी हे सगळं त्यांच्या शरीरावरच अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न गप्पांचा नाही. म्हणून हा वाद आपण त्यांच्या मैदानावर नेऊ. सोलापूरपासून तासा-दीड तासावर असलेल्या धाराशिवला. २०२३ पर्यंत याच जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. पाऊस बेभरवशाचा, उद्योग मोजके. २०१८ मध्ये केंद्राने देशभरातले विकासात मागे पडलेले जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून जे चार गेले त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमसोबत हाही होता. आणि याच जिल्ह्याने देशाला खो-खोची अर्जुन पुरस्कार विजेती खेळाडू दिली. पावडर-बिवडरच्या भानगडीत न पडता.

थांबा, 'बघा, नॅचरलच बेस्ट' असं इतक्यात म्हणू नका. गोष्ट तेवढी सोपी नाहीये.

एक वेळचं जेवण

सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कॅप्टन. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला आणि तब्बल २२ वर्षांनी खो-खोच्या वाट्याला अर्जुन आला. तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. पत्रकार गेले, नेहमीचे प्रश्न झाले आणि तिने जे सांगितलं त्याने बातमीचा मथळाच बदलला. जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवून खो-खो खेळली होती.

डाएट फॅड नव्हे हं. आपल्याकडे 'इंटरमिटंट फास्टिंग' म्हणून लोक जे अॅपवर लावतात, ते नव्हे. घरात तेवढंच होतं. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम आणि मिळतील ती कामं करून घर ओढत होती. जरा बरं खायला मिळायचं ते सराव शिबिरात किंवा स्पर्धेला बाहेरगावी गेल्यावर. म्हणजे आपण ऑफसाइटला जाऊन बुफेवर तुटून पडतो तसं, फक्त इथे त्या जेवणावर पुढच्या मॅचचा वेग ठरणार होता. २०१६ मध्ये घरच्या पैशांच्या ओढाताणीमुळे ती खेळ सोडायच्या बेतात होती. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावलं, ती परत मैदानावर आली.

आता खो-खो म्हणजे काय ते आठवा. शाळेत पीटीच्या तासाला सगळेच खेळलेत. पण नॅशनल लेव्हलचा खो-खो बघितला नसेल तर एकदा बघाच. नऊ मिनिटांचा डाव. धावणारा खेळाडू सरळ रेषेत पळतच नाही, दर दोन पावलांना दिशा बदलतो. पाठलाग करणारा खांबाजवळ येऊन अख्खं अंग हवेत झोकून देतो. स्फोटक वेग, ब्रेक, पुन्हा वेग. गुडघ्याचं, घोट्याचं आणि फुप्फुसाचं पार भजं होतं. या खेळात नुसतं मोठं दिसणारं अंग हे ओझं असतं. क्रिएटिन सुरू केलं की पहिल्या काही दिवसांत पाणी साठून वजन किलो-दीड किलोने वाढू शकतं. कुस्तीगिराला ते कदाचित चालेल, पण खांबाला वळसा घालून निसटणाऱ्या मुलीला तेच किलोभर पाणी नडेल. म्हणजे 'मसल वाढवा' हा सल्लाच मुळात सगळ्या खेळांना एका मापाने शिवलेला रेडिमेड शर्ट आहे.

पण सारिकाच्या गोष्टीतून लोक जो निष्कर्ष काढतात तो मला अजिबात पटत नाही. 'बघा, एक वेळ जेवून अर्जुन मिळवला, तुम्हाला काय पावडर पाहिजे!' अहो, ते नॅचरल ट्रेनिंग नव्हतं, ती उपासमार होती. ती त्यातून वर आली हे तिचं कर्तृत्व आहे, उपासमारीचं नाही. तिच्याबरोबर मैदानावर उतरलेल्या आणि एका वेळच्या जेवणावर टिकू न शकलेल्या मुलींची नावं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांच्यासाठी 'नॅचरल की सप्लिमेंट' हा प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता, रात्री घरी काय आहे?

तरी मैदान ओस पडलं नाही. राज्याच्या महिला खो-खोत धाराशिवचं नाव दबदबा राखून आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. भारतीय मुलींनी फायनलमध्ये नेपाळला ७८-४० असं हरवलं, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. टीव्हीवर लाइट्स, मॅट, कॉमेंटरी, सगळं चकाचक. पीटीचा तास एकदम प्राइम टाइमवर!

खुराक कधी स्वस्त होता?

'पूर्वीचे पैलवान बघा, कुठे होती पावडर?' हे वाक्य ज्यांच्या घरात कुणी काका किंवा आजोबा आहेत त्यांनी ऐकलेलंच असणार. बरोबर आहे, पावडर नव्हती. पण काय होतं? दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई, मटण, अंडी. त्याला तालमीत शब्द आहे खुराक. पैलवानाला मेहनत जेवढी, तेवढाच खुराक हवा. पोराला तालमीत घालायचं म्हणजे गोठ्यातली एक म्हैस त्याच्या नावाने लावायची.

आणि हा खुराक कुणीतरी पोसलेला असायचा. कोल्हापुरात कुस्ती फुलली कारण शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. संस्थान खुराकाचा खर्च उचलत होतं. नंतर साखर कारखाने आले, मग पुढारी, मग पोलीस आणि रेल्वेच्या नोकऱ्या. 'नॅचरल' ही गरिबाची गोष्ट कधीच नव्हती, बॉस. ती महागडीच गोष्ट होती, फक्त बिल दुसरं कुणीतरी भरायचं.

धाराशिवकरांनी हे अगदी जवळून पाहिलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीचं मैदान धाराशिवला भरलं. माती आणि गादी, दोन्ही विभागांतले पैलवान आले आणि गदा शिवराज राक्षेने पटकावली. (त्या वर्षी कुस्तीच्या दोन संघटनांच्या भांडणात महाराष्ट्र केसरी किती झाल्या आणि कुठे झाल्या, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. डोकं दुखेल.) अशा मैदानाभोवती जमलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं गादीवरच्या पैलवानाची मान बघतात, खांदे बघतात आणि घरी जाताना त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो. हे कशाने होतं?

याचं खरं उत्तर आहे आठ-दहा वर्षं, जोर-बैठका, झोप आणि दोन वेळचं भरपूर जेवण. पण कुणीतरी कानात दुसरं उत्तर सांगतं. सहा आठवडे, एक गोळी.

रिओच्या आदल्या दिवशी

त्या दुसऱ्या उत्तराची किंमत महाराष्ट्राच्या कुस्तीने बघितली आहे. नरसिंग यादव, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, २०११, २०१२ आणि २०१३. २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलोत ब्राँझ आणि त्याबरोबर रिओ ऑलिंपिकचं तिकीट. सुशील कुमारने ट्रायल मागितली, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि निकाल नरसिंगच्या बाजूने लागला. सगळं सेट!

आणि मग २०१६ च्या जून-जुलैमधल्या त्याच्या नमुन्यांत मेथेंडिएनोन सापडलं. १९५० च्या दशकात बाजारात आलेलं जुनं अॅनाबॉलिक स्टेरॉइड, जिममध्ये 'डी-बोल' म्हणून कुजबुजत विकलं जातं तेच. नरसिंगचं म्हणणं होतं, मी काही घेतलं नाही, माझ्या खाण्या-पिण्यात कुणीतरी मिसळलं. राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था म्हणजे नाडाने १ ऑगस्टला ते मान्य केलं. तो रिओला पोहोचला. पण जागतिक संस्था वाडाने अपील केलं आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. मिसळल्याचा पुरावा नाही, आणि तज्ज्ञांच्या मते हे गोळीच्या रूपात, एकापेक्षा जास्त वेळा पोटात गेल्याची शक्यता अधिक, असं लवाद म्हणाला.

कोण खरं, कोण खोटं यावर आजही पैलवानांमध्ये कडाक्याचे वाद होतात. मला त्यात पडायचं नाही. मला त्यातला नियम महत्त्वाचा वाटतो. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, डब्यावर काय लिहिलं होतं, दुकानदार काय म्हणाला, हे सगळं नंतर. आपल्या ऑफिसमध्ये 'मला त्या मेलमध्ये सीसी केलंच नव्हतं' ही सबब चालते. खेळात नाही चालत.

आणि हे एकट्या-दुकट्याचं नाही. २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंच्या साडेपाच हजारांहून जास्त चाचण्या झाल्या आणि त्यातल्या ३.८ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. एवढ्या प्रमाणात चाचण्या करणाऱ्या देशांत हा आकडा सर्वांत वरचा. ऑलिंपिक पदकतालिकेत पहिलं यायचं सोडून आपण इथे पहिले.

डब्यात नेमकं काय?

आता तुमच्या शेकरकडे येऊ. व्हे प्रोटीन म्हणजे काही जादू नाही. घरी पनीर करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं, आई ज्यात कणीक भिजवते, ते व्हे. परदेशातल्या चीज कारखान्यांत ते टनावारी उरतं, त्यातलं प्रथिन वेगळं करून, वाळवून, चॉकलेटचा स्वाद घालून डब्यात भरतात. म्हणजे मुळात ते दूधच. स्टेरॉइड आणि व्हे एकाच पंगतीत बसवणारे काका चुकतात. निरोगी माणसाची किडनी एका स्कूपने जात नाही. ज्याला आधीच किडनीचा त्रास आहे त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. क्रिएटिनही बंदी घातलेल्या यादीत नाही, त्याच्यावर भरपूर संशोधन झालंय आणि कमी वेळात जोर लावायच्या खेळांत त्याचा थोडा फायदा होतो.

मग घोडं कुठे अडतं? डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात भरलेलं, यांच्या मध्ये.

जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट विकत घेऊन तपासली होती. २००४ मध्ये निकाल छापून आले. ९४ डब्यांत, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, लेबलवर उल्लेखही नसलेले हार्मोनच्या जातीचे पदार्थ होते. डबा घेणाऱ्याने प्रामाणिकपणे घेतला, पण तपासणीत तो डोपर!

हे जुनं झालं म्हणाल तर २०२४ चं घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी काही डॉक्टरांनी तपासल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडा चुकीचा, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच. १४ टक्क्यांत बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने नवी आहार मार्गदर्शिका काढली आणि शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं थेट लिहिलं.

आणि पावडर ही बहुतेकदा पहिली पायरी असते. ज्या हातातून पावडर येते त्याच हातातून पुढे 'स्टॅक' येतो, मग गोळी, मग सुई. मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन आहे, ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं ब्लडप्रेशर फार घसरलं तर ते वर आणायला देतात. ते जिममधल्या पोरांना 'दम येतो' म्हणून विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत वारंवार पकडलंय. बीपी वाढवायचं औषध, धडधाकट पोराला, डेडलिफ्टच्या आधी! त्याच्या हृदयाचं काय होत असेल याचा विचार करा.

स्टेरॉइडचं तर सांगायलाच नको, पण सांगतोच, कारण तालमीतल्या सोळा वर्षांच्या पोराला कुणी सांगत नाही. वाढीच्या वयात घेतलं तर हाडांची टोकं लवकर बंद होतात, उंची तिथेच थांबते. अंडकोष आक्रसतात. हृदयाचा स्नायू जाड होतो. मुलींचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात आणि यातलं बरंचसं नंतर औषध बंद केलं तरी मागे फिरत नाही.

सोयाबीनचा प्रवास

आता जरा हिशोब. तुम्ही एमबीए असाल, तर हा भाग तुमच्यासाठी.

बऱ्यापैकी ब्रँडचा किलोचा डबा अडीच-तीन हजारांना. त्यात साधारण तीस स्कूप. म्हणजे एका स्कूपला ८० ते १०० रुपये आणि प्रोटीन मिळतं २४ ग्रॅमच्या आसपास, लेबल खरं असेल तर. तेवढंच प्रोटीन चार अंड्यांत असतं, तीसेक रुपयांत. पाऊण लिटर दुधात असतं. मूठ-दीड मूठ नव्हे, चांगली शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत असतं, पण त्याबरोबर पन्नासेक ग्रॅम तेलही पोटात जातं हे ध्यानात ठेवा. आणि सोयाबीनच्या वड्या, ज्यांना आपण हॉस्टेलवर 'गरिबाचं मटण' म्हणून नावं ठेवायचो, त्यांच्या शंभर ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर. पोटात गॅस होतो, मान्य. भिजवून, दोनदा पिळून करा.

इथेच धाराशिवची गंमत आहे, खरं तर गंमत नाहीच. हा जिल्हा सोयाबीनचा. खरिपात नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन. जवळजवळ ४० टक्के प्रोटीन असलेलं हे पीक शेतातून अडतीवर जातं, तिथून तेल गिरणीत. तेल निघतं आणि उरलेली प्रोटीनने भरलेली पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी, काळीभोर, मटणासाठी नावाजलेली, बऱ्याचदा जुळी देणारी, ती बाजाराच्या दिवशी विकली जाते कारण पोरीची फी भरायची असते. भूमकडचं दूध आटवून खवा होतो आणि खवा गाडीत बसून शहरात जातो, तुमच्या-माझ्या दिवाळीच्या पेढ्यात. प्रोटीन जिल्ह्यात पिकतं, पण मैदानावर पळणाऱ्या पोरीच्या ताटात त्यातलं किती उतरतं?

घरात काही वाईट शिजतं असं नाही. ज्वारीची भाकरी आणि पिठलं किंवा तुरीचं वरण ही जोडी पोषणाच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी, डाळीत तो भरपूर, दोघं मिळून एकमेकांचं उणं भरून काढतात. अडचण प्रमाणाची आहे. भाकऱ्या तीन आणि वरण पळीभर, असं असेल तर हिशोब जमत नाही. साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज पाऊण-एक ग्रॅम प्रोटीन पुरतं. कसून सराव करणाऱ्या खेळाडूला दीड ते दोन ग्रॅम लागतं. ५० किलोच्या खो-खोपटूला ७५ ते १००. ते पळीभर वरणातून येत नाही.

यावर सरकारी उत्तर एकदा आलं होतं. नोव्हेंबर २०२३ पासून राज्यातल्या शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. एक अंडं. सहा ग्रॅम प्रोटीन. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि शाळांना सांगितलं, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. वर्षाला पन्नासेक कोटी वाचले. पुढच्या वेळी ऑलिंपिकमध्ये आपला पैलवान रेपिचाजमध्ये हरला आणि टीव्हीवर 'आपल्याकडे टॅलेंट नाही का?' असं कुणी विचारलं, तर हे अंडं आठवा.

मग घ्यायची कुणी?

असं नाही की पावडरला जागाच नाही. ९० किलोचा पैलवान, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं, वर गळ्यात माळ असल्यामुळे मटण-अंडं बंद. (वारकरी पैलवान ही आपल्याकडची खास चीज आहे, जगात दुसरीकडे सापडणार नाही.) त्याला रोज दीडशे ग्रॅमच्या वर प्रोटीन डाळ-दुधातून भरायचं तर दिवसभर खातच बसावं लागेल. तो एक-दोन स्कूप घेत असेल तर त्यात गैर काही नाही. स्पर्धेसाठी रेल्वेने दोन दिवस प्रवास करणारी टीम, जिला स्टेशनवर समोसा सोडून काही मिळत नाही, तिच्या बॅगेत एखादं पाकीट असावं.

पण त्यालाही अटी आहेत आणि त्या कडक आहेत. चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूने फक्त बॅच तपासलेलं उत्पादन घ्यावं. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखी चिन्हं त्यासाठीच असतात आणि डब्यावरचा बॅच नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. बिल ठेवावं. डबा संपला तरी थोडी पावडर आणि लेबल जपून ठेवावं, उद्या भांडायची वेळ आली तर तोच पुरावा. 'फॅट बर्नर', 'प्री-वर्कआउट' आणि 'टेस्टो बूस्टर' या तीन नावांच्या डब्यांपासून तर दहा हात लांब, भेसळ सापडायची सर्वाधिक भीती याच मालात. आणि अठराच्या आतल्या मुलांना काहीही द्यायचं असेल तर ते डॉक्टरच्या कागदावर, ट्रेनरच्या शब्दावर नाही.

तुमच्यासाठी, म्हणजे आठवड्यातून चार दिवस जिम आणि बाकी वेळ खुर्ची, असं आयुष्य असणाऱ्यांसाठी? आठवडाभर जे खाता ते लिहून काढा. वजनाला १.२ ग्रॅमने गुणा. बहुतेकांच्या लक्षात येईल की दुपारच्या डब्यात एक वाटी उसळ आणि संध्याकाळी दोन अंडी एवढ्यातच गणित सुटतं. नसेल सुटत, तर घ्या एक स्कूप, पण मग वडापाववर 'आज भूक नाही' म्हणू नका.

निळी गोळी

एक सप्लिमेंट मात्र असं आहे, ज्याची जाहिरात कुठलाही सिक्स-पॅकवाला करत नाही आणि धाराशिवच्या मैदानावरच्या मुलींना त्याची व्हे-बिहेपेक्षा जास्त गरज असू शकते. लोह.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्ताल्पता निघाली. निम्म्याहून जास्त. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन कमी. खो-खोच्या भाषेत सांगायचं तर सातव्या मिनिटाला पाय जड होतात, दिशा बदलताना अर्धा क्षण उशीर होतो आणि पाठीवर थाप पडते. बाहेर बसलेले म्हणतात, 'स्टॅमिना कमी पडला.' मग घरचे कुठून तरी पैसे जमवून पावडरीचा डबा आणतात. डब्याने तो अर्धा क्षण भरून निघत नाही, कारण कमी प्रोटीन नसतं, लोह असतं.

ही गोळी फुकट आहे. दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींसाठी शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक, निळ्या रंगाची, लोह आणि फॉलिक अॅसिडची. बंदी घातलेल्या यादीत ती नाही. अडचण एवढीच की पोरी ती घेत नाहीत. मळमळतं, शौचाला काळं होतं, मैत्रीण म्हणते याने पोट बिघडतं. मग गोळी दप्तराच्या तळाशी जाते. खरं तर जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते आणि काळ्या रंगात घाबरण्यासारखं काही नाही. संघाच्या मुलींचं हिमोग्लोबिन सीझनच्या आधी आणि मध्ये एकदा तपासणं प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं. कमी निघालं तर आठवड्याच्या एका गोळीने भागत नाही, डोस डॉक्टर ठरवतात.

आणि गोळीनंतर लगेच चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही, निदान तासभर थांबावं. वरणावर लिंबू पिळावं, पेरू असेल तर पेरू खावा. सकाळी सहाच्या प्रॅक्टिसनंतर मैदानाबाहेरच्या टपरीवर कटिंग आणि पार्ले-जीवर अख्खी टीम उभी असते, तिथे फक्त क्रम बदलायचा आहे. आधी शेंगदाणे-गूळ, तासाभराने चहा.